एक ‘म्हणे’ कमी

झेरॉक्सच्या मशीनवर तक्रारी अर्ज आला की मी तो आधी वाचतो आणि मग कॉपी काढतो. ही खोड आहे, आणि खरं सांगायचं तर माझी सगळी पत्रकारिता या खोडीवरच उभी आहे. जुन्नरमध्ये माझं झेरॉक्स आणि स्टेशनरीचं छोटं दुकान आहे. शिवाय जिल्ह्याच्या एका पेपरला मी जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांतल्या बातम्या पाठवतो. ओळखपत्रावर ‘तालुका प्रतिनिधी’ असं छापलंय. पगार नाही, जाहिरातीवर कमिशन. पुढाऱ्याचा वाढदिवस आला की आमची दिवाळी. कुणाचा वाढदिवस कोणत्या तारखेला, हे मला स्वतःच्या लग्नाच्या तारखेपेक्षा पक्कं पाठ आहे, आणि बायको ते वर्षातून एकदा ऐकवतेच.

गेले काही महिने मला एका जागी बसवत नाही. दुकान उघडतो, खुर्चीत टेकतो, उठतो, रस्त्यावर जाऊन उभा राहतो. गिऱ्हाईक दोन कॉपी मागतं, मी पाच काढून ठेवतो. काही काम नसताना गाडीला किक मारून घोडेगावला जाऊन येतो. निमगाव सावाला बहिणीकडं जेवायला गेलो तर ताटावरून उठून अंगणात फेऱ्या मारायला लागलो. बहीण म्हणाली, अंगात वारं शिरलंय का रे तुझ्या? डॉक्टरांनी पित्ताच्या गोळ्या दिल्या. गोळ्या संपल्या, फेऱ्या थांबल्या नाहीत. म्हणून हे लिहायला बसलोय.

एकाच महिन्यात माझ्या मशीनवर दोन तक्रारी अर्ज आले. दोन्ही नळपाणी योजनेबद्दलचे.

पहिला अर्ज पूर्वेकडचा. लोणीच्याही पुढं एक बागायती गाव आहे, नाव लिहीत नाही. तिथं पाण्याची टाकी बांधली, पाइप जमिनीत पुरल्याचं दाखवलं, शेवटचं बिल निघालं, आणि पाइप मात्र उघड्यावर उन्हात तापत पडलेले. सरपंच, ग्रामसेवक आणि ठेकेदार यांनी संगनमतानं पैसे खाल्ले, अशी तक्रार होती. तो सरपंच माझा कॉलेजातला सोबती. आम्ही दोघांनी एका गटाच्या प्रचाराच्या भिंती रंगवलेल्या, एका वडापावात दोन घास केलेले. तो गट आजही ‘आमचा’ आहे. मी त्याला फोन केला. त्यानं पंधरा मिनिटं बाजू मांडली, ती मी इमानदारीनं उतरवून घेतली. बातमी छापून आली: ‘नळपाणी योजनेत कथित अनियमितता; चौकशीची मागणी.’ खाली त्याचा खुलासा चांगला ऐसपैस.

दुसरा अर्ज पश्चिमेकडचा. डिंभ्याच्या पुढं धरणाच्या पाण्याला वळसा घालत गेलं की डोंगराच्या अंगाला एक गाव लागतं. त्याचंही नाव नको. समोर नजर पोचेल तिथपर्यंत पाणी आणि गावात नळाला थेंब नाही. तिथंही टाकी, तिथंही उघड्यावरचे पाइप, आणि ठेकेदारही तोच, पूर्वेकडचा. सरपंच एक बाई होती. तिचं पॅनेल पलीकडच्या गटाचं. बातमी आली: ‘नळपाणी योजनेवर महिला सरपंचाचा डल्ला.’ शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, सरपंचांशी संपर्क होऊ शकला नाही.

हा मथळा पेपरच्या ऑफिसात डेस्कवर बसणाऱ्या कुणी दिला नव्हता. ‘डल्ला’ माझा. संपर्काचीही गोष्ट सांगून टाकतो. मी फोन लावलाच नव्हता. त्या बाजूला रेंज नसते, हे मला माहीत होतं, तेवढ्यावर ओळ लिहून टाकली.

लोकांना वाटतं, असं काही घडतं तेव्हा वरून फोन येतो. मालकाचा येतो, पुढाऱ्याचा येतो. येतातही कधी. आमचा पेपर कुठल्या गटाकडं झुकलेला आहे, हे जुन्नरच्या एसटी स्टँडवरचा भेळवालाही सांगेल. पण या वेळी मला कुणाचाच फोन आला नव्हता. एका अर्जाला मी ‘कथित’ लावलं आणि दुसऱ्याला ‘डल्ला’, आणि दोन्ही वेळा मला वाटत होतं की मी फक्त बातमी लिहितोय. हात आपोआप वळला. त्या हाताची मला आता भीती वाटते.

माझ्या शेजारी फ्लेक्स छापणाऱ्याचं दुकान आहे. मुसलमान कागदी घराण्यातला तो. त्याचे पूर्वज या गावात हातानं कागद बनवायचे, जुन्नरचा कागद लांब लांब जायचा असं तो सांगतो. हा फ्लेक्स छापतो. दोन्ही गटांचे वाढदिवस, निवडी, अभिनंदनं, सगळं त्याच्याकडंच. त्याच्याकडं दोन्ही पेपर येतात, आमचा आणि पलीकडच्या गटाकडं झुकलेला समोरचा. दुसरी बातमी आली त्या सकाळी तो पेपर घेऊन माझ्या काउंटरवर येऊन टेकला.

“काय राव,” तो म्हणाला, “पंधरा दिवसांपूर्वी त्या सरपंचाला कुरवाळत व्हता. हिला डायरेक्ट लाथ?”

“प्रकरणं वेगळी आहेत,” मी म्हणालो.

“टाकी एक, ठेकेदार एक, पाइप एक. वेगळं काय हाय? आपला तो बाब्या आन् दुसऱ्याचं ते कार्टं.” आणि मग माझ्या खांद्यावर थाप मारून, “मला काय सांगतो, मी तर दोघांनाबी एकच डिझाइन देतो. फोटो तेवढा बदलायचा.”

मी हसलो. त्या दिवशी मला खरंच हसू आलं होतं, हे आज आठवलं तरी लाज वाटते.

ती आठवड्याभरानं आली. दुपारची वेळ, दुकानात कुणी नव्हतं. चाळिशीची बाई, काळीसावळी, ताठ. दोन गाड्या बदलून आली होती, आणि डिंभ्याची गाडी आलीच नाही म्हणून त्याआधी जीपला लटकून. तिनं हातातली प्लॅस्टिकची पिशवी काउंटरवर ठेवली आणि विचारलं, “पेपरात लिवनारे तुमीच नं?”

मी हो म्हणालो. ती म्हणाली, “मी सरपंच. जिच्याशी तुमचा संपर्क झाला न्हाई, ती.”

मी स्टूल पुढं केलं. ती बसली नाही. पिशवीतून तिनं दोन कात्रणं काढून काउंटरवर शेजारी शेजारी मांडली. एक तिच्या बातमीचं. ते तिच्या विरोधकांनी देवळाच्या भिंतीला चिकटवलं होतं, तिनं तिथून खरवडून आणलं होतं, एक कोपरा फाटलेला. दुसरं माझ्या मित्राच्या बातमीचं. घोडेगावच्या बाजारातून तिनं सुके बोंबील घेतले होते, ते त्या कागदात बांधून आले. त्याला अजून बोंबलाचा वास होता.

“सातवीपत्तुर शाळा झालीया माझी,” ती म्हणाली. “हळू वाचते, पन वाचते.” तिनं मित्राच्या बातमीवर बोट ठेवलं. “भाऊ, ह्यो शब्द काय हाये?”

“कथित.”

“म्हंजी?”

“म्हणजे... तसं लोकांचं म्हणणं आहे. अजून सिद्ध झालेलं नाही.”

तिनं तो शब्द पुन्हा बोटाखाली धरला. “म्हंजी म्हणे.”

“हो,” मी म्हणालो. “म्हणे.”

“पैसं खाल्लं म्हणे. असं.”

“असंच.”

मग तिनं बोट बातमीवरून सावकाश खाली नेलं, ओळ न् ओळ. “ह्यांच्या बातमीत तीन ठिकानी म्हणे हाये. मी मोजलं.” बोट दुसऱ्या कात्रणावर आलं. “माझ्या बातमीत एक पन न्हाई. माझ्या टायमाला संपलं व्हतं का?”

पंचवीस वर्षं मी ‘कथित’ लिहितोय. वकिलानं नोटीस पाठवू नये म्हणून लावायचा शब्द, एवढंच मला वाटायचं. आमची आजी चुलीपुढं बसून गावातली भानगड सांगायची तेव्हा प्रत्येक वाक्याच्या शेवटी ‘म्हणे’ लावायची, कारण तिनं ते डोळ्यांनी पाहिलेलं नसायचं. शाळेत पाऊल न ठेवलेली बाई एवढं पथ्य पाळायची. मी पदवी घेऊन पाळलं नाही.

तिनं आणखी दोन कागद काढले. पहिली नोटीस होती. तिच्या गावच्या सदस्यांनी तिच्यावर अविश्वास ठराव आणला होता. पुढारपण उपसरपंचाचं, आणि उपसरपंच त्याच ठेकेदाराचा माणूस. ती थेट गावानं निवडून दिलेली, म्हणून ठराव आता ग्रामसभेपुढं जाणार होता, लोक चिठ्ठ्या टाकून ठरवणार होते. नोटिशीच्या खाली लिहिलेलं मी वाचलं: पुरावा म्हणून सोबत वृत्तपत्रातील कात्रण जोडले आहे.

माझी बातमी एका अर्जावरून झाली होती. आता माझी बातमी पुरावा झाली होती. अर्ज काय, कुणीही करतो. उचलली जीभ लावली टाळ्याला.

दुसरा कागद तिचा स्वतःचा अर्ज होता. ठेकेदारानं पाइप पुरले नाहीत, चौकशी करा, असा तिनं पंचायत समितीला दिलेला. वर पोच मिळाल्याचा गोल शिक्का. तारीख माझ्या बातमीच्या दोन आठवडे आधीची.

“मी गेले की उपसरपंचाच्या हातात कारभार जाईल,” ती म्हणाली. “मंग ह्यो अर्ज पुन्यांदा कोन काढतंय? पाइप तसंच उन्हात फुटत्याल. बाया हांडं घिऊन धरनात उतरत्याल, गाळात पाय रोवून, आजवर उतरल्या तशाच.”

“बिलावर सही तुमचीच आहे ना?” मी विचारलं. बातमीदाराचं डोकं, ते विचारल्याशिवाय राहत नाही.

“हाये की. मार्चएन्ड व्हता. ग्रामसेवक म्हनलं, ताई, सही करा, न्हाईतर पैसं माघारी जात्याल. केली. टाकी उभी दिसत व्हती, मला वाटलं पाइप बी व्हतील.” जरा थांबून ती म्हणाली, “चूक झाली. ती मी गावाला सांगनार हाये. पन चूक येगळी आन् डल्ला येगळा.”

मी शिक्क्याजवळची तारीख पुन्हा वाचली. स्वतःवर येऊ नये म्हणून आधीच टाकून ठेवलेला अर्जही असू शकतो, हेही मनात येऊन गेलं.

“तुमी अजूनबी मला इचारलं न्हाई,” ती म्हणाली, “मी खाल्लं का म्हनून.”

“सांगा. खाल्लं का?”

“आता सांगून काय करू? आदी लिवलं, मंग इचारता. मी न्हाई म्हनले तर तुमी मानाल?”

मानलं असतं का? मला ठरवता आलं नाही, आणि ते तिला माझ्या तोंडावर दिसलं. तिनं कागद गोळा केले. मागणं एकच होतं तिचं. ग्रामसभेच्या आधी पेपरात एक म्हणे लावा, दुसरं काही नको. पाण्याचा ग्लास मी पुढं केला होता, तो तिनं घेतला, पाणी प्यायली, आणि गाडीची वेळ झाली म्हणून गेली.

मी डेस्कला फोन लावला. तिथं जो कुणी असतो तो नेहमी घाईत असतो. “दुरुस्ती कशाला? कोर्टाची नोटीस आलीय का?” “नाही.” “मग? फार तर तिचा खुलासा पाठवा, सातव्या पानावर तळाला बघू, जागा असली तर.” खुलासा पाठवला. त्या आठवड्यात आमच्या गटाच्या एका पुढाऱ्याचा वाढदिवस होता. चार पानं शुभेच्छा. त्यातली दीड पान जाहिरात मीच गोळा केलेली. खुलाशाला जागा मिळाली नाही.

मग मी हुशारी करायला गेलो. नवी बातमी लिहिली. दोन गावं, दोन टाक्या, एक ठेकेदार. दोन्ही सरपंचांना सारखी वागणूक, दोघांनाही ‘कथित’, शिवाय बाईनं स्वतःच चौकशी मागितली होती हेही. लिहिताना मला बरं वाटलं, कितीतरी दिवसांनी खुर्चीत सलग बसलो होतो. सकाळी पेपर उघडला. पूर्वेकडच्या गावाचा सगळा भाग कापलेला. ठेकेदारही गेलेला. तिचा अर्जही गेलेला. उरलं होतं ते तिचं गाव, तिची टाकी आणि नवा मथळा: ‘सरपंचाभोवती चौकशीचा फास.’ मी तिच्यासाठी लिहिलेली बातमी तिच्याच पाठीत बसली होती.

त्या दिवशी मी दुकानाचं शटर तीनदा उघडलं आणि तीनदा बंद केलं.

दुपारी माझ्या मित्राचा, त्या पूर्वेकडच्या सरपंचाचा फोन आला. डेस्कवरून त्याला कळलं होतं. “काय राव, आपल्याच माणसाला आडवं जातो का?” रागावला नव्हता, दुखावला होता, आणि ते मला जास्त लागलं. संध्याकाळी समोरच्या पेपरच्या वार्ताहराचा फोन. “तुमच्यातलं कापलेलं आम्हाला द्या की. पहिल्या पानावर घेतो.” मी विचारलं, दोन्ही गावं छापाल? तो हसला. “बाईचं कशाला? ती आमच्यातली हाये.” मी नाही म्हणालो. फार तत्त्वानं म्हणालो असं नाही, मित्राची भीड होतीच. पण फोन ठेवल्यावर कळलं की तिकडं मी बसलो असतो तरी हेच केलं असतं, फक्त उलट्या बाजूनं.

फ्लेक्सवाल्याला सांगितलं. तो म्हणाला, “दोन्ही पेपर मधोमध फाडायचे आन् एकाचा आर्धा दुसऱ्याला चिकटवायचा. मंग कुठं एक बातमी व्हईल.” तो विनोद करत होता. मग माझ्याकडं बघून तो थांबला आणि त्यानं चहा मागवला.

ग्रामसभेला दोन दिवस राहिले तेव्हा मी माझ्याच मशीनवर बसलो. एका पानावर लिहिलं की नळपाणी योजनेची बातमी मी केवळ एका तक्रारी अर्जावरून केली, आरोप सिद्ध झालेला नाही, सरपंचांना मी फोन केला नव्हता, बातमीतलं ते वाक्य खोटं आहे. खाली नाव, सही, दुकानाचा शिक्का. गावात घरं किती ते विचारून तेवढ्या कॉपी काढल्या. हे कुणाला दाखवलं असतं तर लोक म्हणाले असते, बैल गेला आणि झोपा केला. पण बैल अजून गोठ्याच्या दारात होता असं मला वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच गाडी काढली. घोडेगाव, मग डिंभे. फाट्यावर गाडीची वाट बघत माणसं बसलेली, मासळीच्या पाट्या ओल्या फडक्यांनी झाकलेल्या. पुढं रस्ता पाण्याच्या कडेकडेनं जातो आणि संपता संपत नाही, गाव समोर दिसतं आणि तिथं पोचायला अर्धा तास लागतो. त्या अर्ध्या तासात मी मनातल्या मनात तिच्यापुढं बोलायची चार भाषणं तयार केली.

ती ग्रामपंचायतीच्या ओट्यावर बसली होती. तिनं कागद घेतला आणि बोट ठेवून वाचला. पुरा वाचायला बराच वेळ घेतला. “चांगलं लिवलंय,” ती म्हणाली. “ह्यात हाये म्हणे.” मग तिनं कागदाची घडी घातली. “पन हे वाटू नका.”

“का?”

“तुमी उद्या माझ्या बाजूनं कागद वाटला तर लोक काय म्हनत्याल? पेपरवाल्याला पाकीट दिलं.”

पाकीट. आमच्याकडं पत्रकार परिषद संपली की चहा-पोह्यांबरोबर पाकीट येतं. कुणी खिशात घालतं, कुणी आधी बाजूला जाऊन बघतं. मीही घेतलेली आहेत, नाही कशाला म्हणू. सगळ्या गावांना ते माहीत आहे.

“मी तुमच्याकडून काही घेतलेलं नाही,” मी म्हणालो.

“मला म्हाईत हाये. गावाला?” ती म्हणाली. “माझ्या इरोदात लिवलं तवा कोनी म्हनलं न्हाई, ह्याला कोनी पाकीट दिलं म्हनून. वाईट लिवलं की ते खरं वाटतं. चांगलं लिवलं की इकत घेतलेलं वाटतं. घिऊन जा भाऊ, माझ्याकडं हाये तेवडी मतं बी जात्याल.”

तिच्या विरोधातल्या बातमीसाठी मी कुणाकडून एक रुपया घेतला नव्हता. पूर्णपणे फुकट केलं ते. हे मी स्वतःची सफाई म्हणून तिला सांगणार होतो, आणि सांगता सांगता थांबलो, कारण घेतला असता तर निदान काही कारण तरी असतं. कॉप्यांचा गठ्ठा गाडीच्या डिकीत टाकला आणि परत आलो.

ग्रामसभा शाळेच्या पटांगणात भरली. जिल्ह्याहून नेमलेला अधिकारी, दोन पोलीस, टेबलावर पेटी. मी कुंपणाबाहेर उभा राहिलो, बातमीदार म्हणून. उपसरपंचाच्या माणसांनी माझ्या दोन्ही बातम्या मोठ्या करून, लॅमिनेशन मारून आणल्या होत्या. एकजण त्या रांगेसमोर मोठ्यानं वाचत होता. अधिकाऱ्यानं त्याला हटकलं, तो दहा पावलं मागं सरकला आणि पुन्हा वाचायला लागला. ‘डल्ला’ म्हणताना तो आवाज चढवत होता. मला आत जाऊन तो कागद ओढून घ्यावासा वाटला. गेलो नाही. तिनंच मना केलं होतं, ही सबब मला आयती मिळाली होती.

ती बोलायला उभी राहिली. सही केली ही चूक झाली, म्हणाली. लोकांत एकदम चुळबुळ झाली. “बघा, कबूल झाली,” कुणीतरी मागून ओरडलं. पुढचं तिचं बोलणं, पाइपचं, अर्जाचं, गोल शिक्क्याचं, त्या गलबल्यात मला तरी ऐकू आलं नाही. मी कुंपणापाशी होतो. रांगेतल्या शेवटच्या माणसांना काय ऐकू गेलं असेल?

दुपारी चिठ्ठ्या मोजल्या. ठराव थोडक्या मतांनी मंजूर झाला. तिनं कपाटाच्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या, शिक्का ठेवला, सही केली. या वेळी सही करण्याआधी तिनं कागद पूर्ण वाचला, बोट ठेवून, अधिकारी घड्याळ बघत असताना. मग ती गर्दीतून सरळ घराकडं गेली. वाटेत मी होतो. तिनं माझ्याकडं पाहिलं नाही, आणि पाहिलं असतं तर मी काय केलं असतं, कोण जाणे.

डेस्कवरून फोन यायला लागला होता. निकाल हवा होता त्यांना. मी गाडीकडं निघालो तेव्हा एक म्हातारी काठी टेकत माझ्यामागं आली. पाठीत वाकलेली, नऊवारी गुडघ्यापर्यंत, बोटाला मतदानाची शाई. तिला कुणीतरी सांगितलं असावं मी कोण ते.

“बाबा, पेपरात लिवनारा तूच का?”

“हो, आजी.”

“मला वाचता येत न्हाई. तुझं लिवलेलं त्या पोरांनी मला दोनदा वाचून दावलं. लई इचार केला म्या. ती माझ्या धाकट्या जावंची लेक. माझ्या अंगाखांद्यावर वाढलेली. पन पेपरात आलंय म्हनल्यावर म्या तिच्या इरोदात शिक्का मारला.” ती दम खायला थांबली. तिचे डोळे पाणावलेले होते, की म्हातारपणानं तसेच असायचे, मला कळलं नाही. “आता झालं ते झालं. तू येवडा शिकल्याला मानूस, तुला सगळं ठावं. मला येकदा सांग, म्हंजी माझ्या जिवाला लागून ऱ्हानार न्हाई. तिनं खरंच खाल्लं व्हतं नं?”

खिशात फोन वाजत होता.

“मला माहीत नाही, आजी,” मी म्हणालो.

तिला ऐकू आलं नसावं. तिनं कानामागं हात धरला, जवळ सरकली आणि पुन्हा विचारलं.